अर्ध्या वर्षाचा रहिवासी

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉकच्या वाचनालयात दर वसंतात लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे विनामूल्य भरून दिली जातात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली अर्डिस हॅल्व्हर्सन तिथे अकरा वर्षे बसत होती. एकाने भरलेले विवरणपत्र दुसऱ्याने तपासावे, असा आमचा नियम. अर्डिसची विवरणपत्रे माझ्याकडे येत. ती तिची आहेत एवढे पाहूनच मी सही करीत असे.

मर्ल टॅकेट हा वेल्डर. ओहायोतली नोकरी सोडून तो एका जुलैत मुलीजवळ राहायला विस्कॉन्सिनात आला आणि इथल्या जहाजांच्या कारखान्यात लागला. अमेरिकेत बहुतेक राज्येही आपापला प्राप्तिकर घेतात, म्हणून अशा माणसाची मिळकत स्थलांतराच्या तारखेपाशी तोडायची असते : आधीची जुन्या राज्याकडे, नंतरची नव्याकडे. संगणक मात्र सारी मिळकत दोन्हीकडे ओततो; ती हातानेच वेगळी करावी लागते. अर्डिसने विस्कॉन्सिनची केली. ओहायोची राहून गेली, आणि विस्कॉन्सिनातल्या पगारावर मर्लने दोन्ही राज्यांना कर भरला.

पुढच्या वसंतात तो जुनी प्रत घेऊन पुन्हा तिच्यासमोर बसला. कर भरण्यासाठी त्याला मासेमारीची होडी विकावी लागली होती. “ओहायोनं माझी होडी गिळली बघा,” तो हसत म्हणाला. “सोडून जाणाऱ्यावर एवढं प्रेम कुणी करतं का?”

पान उलटताना अर्डिसला चूक दिसली. तिने कागदांच्या कडा जुळवल्या आणि होडी कशी होती, असे विचारले. तो दहा मिनिटे सांगत राहिला.

त्याच संध्याकाळी तिने मला हे सांगितले. दुरुस्ती करून जादा कर परत मागायला चार वर्षांची मुदत आहे, असे मी म्हणालो. ते खरे होते. तिला गप्प बसता यावे एवढे खरे होते. त्यानंतर मर्ल ज्या दुकानात जाई, तिथून सामान आणणे तिने बंद केले.

त्यापुढच्या वसंतात तो येण्याआधीच तिने दुरुस्त विवरणपत्र तयार ठेवले होते. तो खुर्चीत बसताच तिने ते त्याच्यापुढे सरकवले आणि सगळे सांगितले. त्याने ते सावकाश वाचले.

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“गेल्या वर्षी. तुम्ही समोर बसला होतात तेव्हाच.”

मी शेजारच्या टेबलावरून उठलो आणि तपासणीची सही माझी होती, असे सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

“चूक कुणाच्याही हातून होते,” तो म्हणाला. “पण तुम्ही होडीचं विचारलंत, अर्डिस. मला वाटलं, तुम्हाला खरंच ऐकायचंय.”

त्याने सही केली. पाकीट आपणच टपालात टाकावे म्हणून अर्डिसने हात पुढे केला.

“राहू द्या,” तो म्हणाला, “मीच टाकतो.”