शेवटच्या पट्ट्याची मोकळी बाजू

आमची पलटण काश्मीरमध्ये तैनात होती. मी सेक्शनचा हवालदार, शिरूर तालुक्यातील न्हावऱ्याचा. लान्स नाईक महादेव दौंडकडच्या पाटसचा. सकाळी गस्त, दुपारी शस्त्रांची सफाई, संध्याकाळी हजेरी, असा आमचा दिनक्रम असे.

महादेव उत्तम नेमबाज होता. मात्र अचानक धोका समोर आला की त्याचे शरीर थिजत असे. पापणी लवत नसे, हाक पोहोचत नसे. एकदा बराकीबाहेर ट्रकचा टायर फुटला. आम्ही सारे जमिनीवर पालथे पडलो. महादेव चहाचा मग हातात धरून तसाच उभा राहिला. चहावर तरंगही उठला नव्हता.

"पाटसकरांनी पुतळा बसवलाय," शिपाई नितीन म्हणाला. तो कारेगावचा, महादेवचा जिवलग. "हार आना रं कुनीतरी!"

त्यामागचे कारण महादेवने मला एकदाच सांगितले. आमच्याकडे उसाच्या फडाचा शेवटचा पट्टा तोडताना एक बाजू मोकळी ठेवतात. आत बिबट्या असलाच, तर त्याने निघून जावे. महादेवच्या लहानपणी एकदा नेमकी त्याच बाजूला सावली होती, म्हणून मुलांना तिथे बसवले गेले. बिबट्या बाहेर आला. महादेव हलला नाही. धाकटी बहीण शालन "दादा" म्हणत उठली. बिबट्याने तिला नेले.

"तवापासनं असं व्हतंय, साहेब. मी थांबत न्हाई. अंग थांबतं."

मेडिकल ऑफिसरांचे मत स्पष्ट होते. स्तब्ध राहिल्यामुळे जीव वाचला, ही खूणगाठ शरीराने त्या वयात बांधली होती; त्यात भित्रेपणा नव्हता. मात्र महादेवला स्टोअरमध्ये हलवावे, असे त्यांनी सुचवले.

"स्टोअर नको, साहेब," महादेव म्हणाला. "एकदा तरी हललं पायजे माझं अंग."

बदलीचा आदेश येण्यापूर्वीच मक्याच्या एका शेताची झडती घेण्याचे काम आले. भर दुपार होती. वारा पडला होता, तरी मधली पाने हलत होती. अखेरीस एकच तुकडा उरला. त्याच्या बांधावर, अक्रोडाच्या सावलीत, महादेव होता.

"महादेव, रिपोर्ट."

रेडिओवर नुसती खरखर.

"महादेव, काय दिसतंय?"

मी दुर्बीण लावली. मक्यातून एक बंदूकधारी बाहेर आला आणि महादेवच्या अगदी समोरून पुढे गेला, जणू तिथे झाडाखेरीज काही नव्हते. महादेव गोळीच्या रेषेत असल्यामुळे मला फायर देता येईना. तेवढ्यात झाडाच्या पलीकडून नितीन आला. त्याला तो माणूस दिसलाच नव्हता.

"अय पुतळ्या, साहेब बोलवत्यात!"

बंदूक नितीनकडे वळली.

महादेव हलला. तो दोघांच्या मध्ये गेला. त्यानंतरच्या फायरिंगमध्ये तो माणूस ठार झाला. नितीन वाचला. महादेव वाचला नाही.

पाटसला अंत्यसंस्कार झाल्यावर मी त्याच्या आईला घडले ते सांगितले.

"हलला?" त्यांनी विचारले.

"होय, मावशी. स्वतःहून."

त्या म्हणाल्या, "शालनचं नाव आमी घरात कवाच काढलं न्हाई. पोराला वाटलं आसंल, आई मलाच दोष देती."

नितीन आणि मी दरवर्षी पाटसला जातो. चहा होतो. मावशी आता दोन्ही लेकरांविषयी बोलतात. शालन दादाच्या वाटणीचा गूळसुद्धा खाऊन टाकायची आणि तो मुकाट्याने खाऊ द्यायचा, असे त्या सांगतात.