लांब ठेवलेला ग्लास

मानेसरजवळच्या एका फार्महाऊसवर मी इंग्रज अमदानीवरच्या मालिकेचं दिग्दर्शन करत होतो. मडमेच्या खानसाम्याच्या भूमिकेसाठी दिल्लीचे एक म्हातारे नट आले होते. चाळीस वर्षं त्यांनी पडद्यावर नोकरांचीच कामं केली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही कधी नाव विचारलं नाही. शॉटआधी ते ट्रे घेऊन एकटेच येरझारा घालत, पावलांचा आवाज न होऊ देता.

शॉटमध्ये त्यांनी सरबताचा ग्लास मडमेपासून हातभर लांब ठेवला. घ्यायला तिला खुर्चीतून वाकावं लागलं.

"चाचा, ग्लास नज़दीक रखिए," मी ओरडलो.

"नहीं साहब. ये खानसामा तीस साल से झुक रहा है. आज मेमसाहब झुकेंगी."

पुन्हा सांगितलं, तरी ग्लास तिथंच. ऊन उतरत होतं, म्हणून चिडून मी तोच शॉट ठेवला. पुढे तोच गाजला, आणि ती कल्पना माझी, असं मी मुलाखतींतून सांगत आलो.

परवा गुरुग्रामला माझ्या सत्कारात तो शॉट दाखवला, तेव्हा त्या ग्लासला टाळ्या पडल्या. मी माईक ओढून म्हणालो, "हे माझं नव्हे. मी तर ते हाणून पाडत होतो."

संयोजक कुजबुजले, "सर, आता राहू द्या ना."

मी राहू दिलं नाही.