खुणांचा वर्ग

आमच्या ऑफिसातल्या मेघनाला ऐकू येत नाही. तिच्याशी बोलता यावं म्हणून कंपनीने आमच्यासाठी दर बुधवारी खुणांच्या भाषेचा वर्ग ठेवला होता. तो बंद झाला आणि पाठोपाठ नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली.

काल कॅन्टीनमध्ये सगळे तेच बोलत होते आणि मेघना एकेकाच्या ओठांकडे बघत होती. भीती वाटून घ्यायलाही भाषा लागते, हे मला तेव्हा जाणवलं. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि अडखळत खुणा केल्या, "कपात होणार म्हणतात. कोणाची, माहीत नाही. माझीही नोकरी जाईल कदाचित."

माझी एक चुकलेली खूण तिने आधी दुरुस्त केली. मग मला समजेल अशा बेताने, सावकाश हात हलवत ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्याबद्दलच बोलताय."