लॉगवर सगळं जुळतं

अमेरिकेत ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीतल्या आमच्या ग्रुपमध्ये फिजिक्स कमी आणि सरांची आरतीच जास्त चालायची. सर मूळचे पुण्याचे, थंड काचेचे मोठे थिअरिस्ट. काच निरपेक्ष शून्य तापमानाच्या जवळ नेली तरी तिच्यातले काही अणू स्वस्थ बसत नाहीत, दोन जागांमध्ये उड्या मारत राहतात आणि काचेतून जाणारा आवाज शोषतात, या कल्पनेवर त्यांचं मॉडेल उभं आणि त्या मॉडेलवर त्यांची खुर्ची. मी त्यांचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक. माझं पुढच्या वर्षाचं काम आणि त्यासोबत व्हिसा, दोन्ही त्यांच्या सहीवर लटकलेलं.

मॉडेल कसलं, कडबोळं! नवी काच आली की नवे आकडे घालायचे, की रेघ बरोबर प्रयोगाच्या ठिपक्यांवर. आता साधी काच घ्या नाहीतर प्लास्टिक, इतक्या थंडीत आवाज सगळ्यांत जवळपास सारखाच विरतो. मी विचारलं, प्रत्येक काचेचे आकडे वेगळे, तर उत्तर दरवेळी तेच कसं येतं? सर म्हणाले, निसर्गाची कृपा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नंदीबैल सगळे.

त्या हिवाळ्यात एका लॅबकडून नव्या काचेची मोजमापं आली. आलेख मी साध्या स्केलवर काढला. सरांची रेघ ठिपक्यांच्या दुप्पट उंचीवरून चाललेली, शेंबड्या पोरालाही दिसावी अशी. सेमिनारमध्ये सरांनी एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "लॉगवर काढ."

आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. लॉग स्केलवर दर पायरीला आकडा दसपट होतो, त्यामुळे एकापासून लाखापर्यंतचं सगळं एका पानात मावतं आणि दुपटीचा फरक ठिपक्याच्या जाडीत बुडून जातो. एरवी ती सोय असते. इथे ते पांघरूण होतं.

"सर, लॉगवर तर मी आणि हत्ती एकाच उंचीचे," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पेपर लॉगवरच गेला. माझं नाव काढा, असं मी सरळ सांगितलं. ते त्यांनी लगेच काढलं. थोड्याच दिवसांत ऑफिसमधून निरोप आला की मला पुढे ठेवायला फंड नाही. वा रे निसर्गाची कृपा!

निघायच्या आधीच्या रविवारी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, जेवायला बोलावलं. त्या बिचारीशी माझं काही वाकडं नव्हतं, म्हणून गेलो. परतताना सर गाडीने सोडायला आले. एका सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "तुझा पॉइंट बरोबर होता रे. ते जुळत नाही, हे मला कधीचं माहीत आहे. पण त्या मॉडेलवर माझं अख्खं करिअर गेलंय."

इतके दिवस मी समजत होतो, या माणसाला ते दिसत नाही. न दिसणाऱ्याची निदान कीव तरी येते. मला शिसारी आली.

"तुमचं गेलं ना, सर? मग माझं कशाला घालवलंत?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मी दार उघडून उतरलो आणि बर्फातून चालत घरी गेलो.