उद्घाटनाआधी

आमच्या संस्थेने वस्तीत बायकांसाठी संडास बांधला, पण पाहुण्यांना उद्घाटनाला सवड नव्हती म्हणून दाराला कुलूप होतं. बायका अंधारात रुळांकडेच जात होत्या. काल दिवस भरत आलेली सुमन तिथे घसरून पडली. आज तिची सासू गंगूबाई दगड घेऊन आली आणि कुलपावर घालू लागली.

"अहो मावशी, फीत कापायचीय अजून!" आमचे कार्यवाह ओरडले.

"मग कापा की. आधी माझ्या सुनेला जाऊ द्या."

कुलूप तुटलं. सुमन भिंतीला धरून आत गेली. बाईमाणसाच्या अब्रूलाही मुहूर्त बघणारे आम्ही समाजसुधारक! माझ्या अंगाची लाही झाली.

"आता पाहुण्यांना काय सांगू?" कार्यवाह म्हणाले.

"सांगा," मी म्हणाले, "उद्घाटन झालं."