साखर पेठेतला जिना आणि आमची फटफटी

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. गिरणीच्या इंजिन खात्यात जन्म चाललाय. यंत्र अडलं की तिथं नारळ फोडणारे पुष्कळ. मी पाना घेऊन जातो. या मासिकातले पिंपळावरच्या बायांचे अनुभव वाचून आजवर मी नुसता हसत आलो. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर खात्यातले लोक मला हसतील… हसू देत.

गोष्ट सोलापुरातलीच, आणि भर दुपारची. वैशाखातल्या उन्हात भुतंसुद्धा बाहेर पडायची नाहीत, म्हणून आधीच सांगतो.

आमची ही विषमज्वरानं गेली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मूलबाळ नाही. स्टेशनजवळच्या आमच्या बैठ्या घरात मला राहवेना. खानावळीत जेवून यायचं आणि भिंतींकडे बघत बसायचं, एवढाच काय तो संसार उरला होता. शेवटी ते घर सोडलं आणि साखर पेठेत एका माडीवर दोन खोल्या घेतल्या. सामान असं फारसं नव्हतंच. होती ती फटफटी.

ही फटफटी गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना मला विकली होती. आमच्या हिचं माहेर मंगळवेढ्याचं. पदर दातात धरून ही मागं बसायची आणि आम्ही मंगळवेढ्याला जायचो. वाटेतल्या गावची माणसं काम टाकून बघत उभी राहायची. लोक काय वाट्टेल ते बोलले. हिनं कुणाला भीक घातली नाही. ही गेल्यावर मी फटफटीला किक मारली नाही, पण दर रविवारी पुसत मात्र होतो. खरं सांगायचं तर घरात दुसरं होतंच कोण, ज्याचं काही करावं?

नव्या जागेत खाली विणकरांचे हातमाग. अंगणात सुताचे ताणे पसरलेले, कडेला रंगाची पिंपं. घरमालक म्हणाले, "हे धूड अंगणात चालायचं नाही. आज संध्याकाळपर्यंत वर तरी न्या, नाहीतर विका. गिऱ्हाईक मी आणतो." आणि गिऱ्हाईक खरंच येणार होतं, त्यांचाच मेहुणा. मी म्हटलं, वर नेतो. जिना केवढासा, मध्ये काटकोनात वळलेला… मालक हसून निघून गेले.

खालच्या मागावर नरसय्या म्हणून एक वयस्क विणकर होता. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. आख्खा माग दोरानं बांधून माडीवर चढवायची त्या लोकांना सवय. मी विचारल्याबरोबर तो तीन भावांना घेऊन आला. पेट्रोल मी आधीच काढून टाकलं होतं. दोर बांधला, आणि नरसय्या थांबला.

"सायेब, तुमी बी हात लावा."

"अहो, तुम्ही चौघं आहात की."

"म्हणून तर. चौघांनी काय उचलत्यात, म्हाईत हाय न्हवं? पाचवा पायजेच."

तिरडी चौघं उचलतात, फटफटी नाही, असं ओठांवर आलं होतं. पण गरज मला होती. मुकाट्यानं मागचं चाक धरून सगळ्यांत खाली उभा राहिलो.

पुढचं चाक वर करून आम्ही चढलो. वळणावर हँडल भिंतीत असं रुतलं की पुढं जाईना, मागं येईना. घामानं हात निसटायला लागले. गिलावा पडून माझ्या डोळ्यांत गेला. आता खाली घ्यायची आणि देऊन टाकायची, असं मनात आलं. हिचं शेवटचं तेवढं होतं, तेही गेलं. मला तिथंच जिन्यात रडू फुटलं. कुणाला दिसलं नाही, घामात खपून गेलं.

तेवढ्यात वरच्या चौघांनी एकाएकी फटफटी खाली घ्यायला सुरुवात केली!

"अरे, काय करताय? थांबा!" मी ओरडलो. माझं कोण ऐकतंय! अंगणात आणून त्यांनी तिचं तोंड फिरवलं, मागचं चाक वर केलं, आणि परत चढले. वळणावर मी हँडल मुरडलं आणि फटफटी अलगद वर गेली. गाय गोठ्यात जाते ना, तशी.

वर गॅलरीत ती उभी केली. नरसय्या मान खाली घालूनच म्हणाला, "बाईंना म्हणावं, जरा पाणी द्या. लई ब्येस सांगितलं त्यांनी."

"कोणत्या बाईंनी?"

"तुमच्या की. वरनं म्हणाल्या न्हवं, 'अवो, म्हस हाय व्हय ती, तोंडानं चढवायला? शेपटाकडनं घ्या की!'" आणि तो हसायला लागला.

स्टेशनजवळच्या घराला उंच उंबरा होता. रोज आम्ही दोघं मिळून फटफटी आत घ्यायचो, आणि रोज ही मला हेच ऐकवायची. मागच्या चाकाला शेपूट म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय.

मी दाराकडे बोट दाखवलं. दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. माडीवर दुसरं बिऱ्हाड नाही. खालच्या बायकांना मराठी चार शब्दांपलीकडे येत नाही.

नरसय्याचं हसू मावळलं. "मग बाई…?"

"वारली," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हात जोडले. मी एकेकाला विचारलं. तिघांनी ऐकलं होतं. धाकट्याला मराठी धड येत नव्हतं, त्यानं नुसतंच वर, जिन्याच्या टोकाकडे बोट केलं.

"मग बघितलं का नाही कुणी? एकानं तरी मान वर करायची होती!" मी अक्षरशः खेकसलो.

"परक्या घरची बाई बोलली तर वर बघत न्हाईत, सायेब. आमच्यात तसं न्हाय," नरसय्या हळूच म्हणाला.

मालकांचा मेहुणा संध्याकाळी आला आणि हात हलवत परत गेला. फटफटी आजही माझ्या खोलीत आहे.

खात्यातला एक स्नेही म्हणतो, गिरणीत राहून तुझे कान बधिर झालेत, दुसरं काही नाही. डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी घड्याळ कानापासून लांब लांब नेत तपासलं. कान शाबूत. अहो, खालच्या मागाचा धोटा मला वर झोपून ऐकू येतो.

तेव्हा वाचकहो, ते भूत होतं की चौघांना झालेला भास, हे मला कळवू नका. त्याची पत्रं मला नकोत. चार परक्या माणसांना ती ऐकू आली. मीही त्याच जिन्यात होतो, त्यांच्या दोन हात खाली. मला एक शब्दसुद्धा का ऐकू आला नाही… कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगा.