न्हाव्याच्या नावचं पाखरू

प्लासिदो न्हाव्याने आयुष्यात एकही मधुबाज पाडला नाही, तरी त्याच्या दुकानात आरशावरच्या फळीवर पेंढा भरलेले मधुबाज ओळीने बसलेले असत. गिऱ्हाइकं माना वर करून बघत आणि म्हणत, न्हावी दिसतो तसा नाही बरं. ते सगळे तिंदारोने मारलेले होते.

आमच्या मेस्सिनाच्या डोंगरांवरून दर वसंतात हे घारीएवढे शिकारी पक्षी आफ्रिकेतून येतात आणि सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे कालाब्रियाला जातात. ज्या नवऱ्याने त्यातला एकही पाडला नाही, त्याची बायको वर्षाच्या आत दुसऱ्याचा हात धरते आणि त्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात, असं आमच्याकडे पणजोबांच्या आधीपासून मानतात. ही शिंगं आरशात दिसत नाहीत, पण गावाला बरोबर दिसतात. कायदा आला, वनरक्षक आले, बंदुका माळ्यावरच्या गवतात लपल्या, पण शिंगांची धास्ती काही कमी झाली नाही.

वस्तरा हातात असला की प्लासिदोची बोटं कशी स्थिर. बंदूक आली की मात्र चाप ओढायच्या आधी त्याचे डोळे आपोआप मिटायचे. तिंदारो त्याचा लंगोटीयार आणि गावातला पहिल्या नंबरचा नेमबाज. तो दरवर्षी एक पाखरू स्वतःसाठी पाडायचा आणि दुसरं गुपचूप प्लासिदोच्या पिशवीत टाकायचा. "घे, तुझी बायको राखली," म्हणायचा.

ती बायको, लेत्तेरिया, पाखरू बघून हसायची. "माझी अब्रू तुझ्या नेमावर असती ना, तर मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पळाले असते."

चुकलेली पाखरं मोजता मोजता प्लासिदोला मोजण्याचीच गोडी लागली. एका वसंतात तो बंदूक घरी ठेवून दुर्बीण घेऊन डोंगरमाथ्यावर गेला. पक्षिमित्रांच्या मंडळाला असा रिकामटेकडा हवाच होता. त्या दिवसापासून तिंदारोने त्याच्याशी बोलणं टाकलं. चौकात गाठ पडली की तो दोन बोटं वर करून शिंगं दाखवायचा. केस कापायलासुद्धा खालच्या गावात जायला लागला. तिथला न्हावी मूळचा मेंढ्या भादरणारा असावा, कारण तिंदारो दर खेपेला कानामागे जिन्याच्या पायऱ्या घेऊन परत यायचा. प्लासिदोला त्या दोन बोटांपेक्षा या पायऱ्याच जास्त झोंबायच्या.

प्लासिदोकडे उत्तर नव्हतं असं नाही. आदल्याच उन्हाळ्यात तिंदारोची बायको अगातिना कॉफीची यंत्रं विकणाऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली होती, तीही पाखरांच्याच वाटेने, कालाब्रियाच्या बोटीत बसून. न्हावी एकदा तरी म्हणेल, "तू तर दरवर्षी मारत होतास, मग?", म्हणून सगळं गाव कान टवकारून बसलं होतं. प्लासिदोने ते वाक्य कधी ओठांवर येऊ दिलं नाही. त्याला वाद जिंकायचा नव्हता, मित्र परत हवा होता.

मित्र तसा फार लांबही नव्हता. तिंदारो रोज सकाळी डोंगरावर यायचा आणि आपल्या जुन्या शिकारीच्या खोपटापुढे बसायचा. बंदूक त्यानेही सोडली होती. राखायला आता घरात कोण होतं? प्लासिदोकडे तो मुळीच बघायचा नाही. आपल्या लाम्पो नावाच्या कुत्र्याशी मात्र मोठमोठ्याने बोलायचा.

यंदा मे महिन्यात धुळीचा वारा सुटला. आभाळ पिठूळ झालं आणि पाखरं फार उंचावरून जाऊ लागली. प्लासिदोचे डोळेही आता पूर्वीचे राहिले नव्हते.

"अकरा... बारा..."

"लाम्पो," मागून आवाज आला, "ऐकलंस? बारा म्हणे. ढगाच्या काठावरची पाच कोण मोजणार, पोप?"

प्लासिदोने दुर्बीण वळवली. पाच होती.

"लाम्पो, तुझ्या मालकाला सांग, सतरा धरली."

"आणि त्याला सांग, त्यातली एक साधी घार आहे. शेपटीला खाच दिसत नाही? जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या करून ह्याच्याच डोळ्यांत साबण गेलाय."

"सोळा," प्लासिदो निमूटपणे म्हणाला.

लाम्पोने थोडा वेळ याच्याकडे, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि सरळ झोपून टाकलं. मध्यस्थच घोरायला लागल्यावर तिंदारोचा नाइलाज झाला. तो कुरकुरत उठला आणि प्लासिदोशेजारी खडकावर येऊन टेकला. प्लासिदोने लेत्तेरियाने दिलेला पाव मोडून अर्धा त्याच्या हातात ठेवला, वर मेंढीच्या चीजचा तुकडा. दोघांनी मिळून आणखी दोन थवे मोजले.

"त्या वर्षी एकच पडलं होतं," तिंदारो आभाळाकडे बघत म्हणाला.

"कुठल्या वर्षी?"

"शेवटच्या. दिवसभर बसलो, एकच पडलं. ते तुझ्या पिशवीत टाकलं. म्हटलं, माझी अगातिना कुठे जातेय? धोका तुझ्या घराला आहे, लेत्तेरिया देखणी, त्यातून नवरा असा." त्याने पावाचा चुरा झटकला. "आणि पुढच्या वसंतात बघतो तर तू इथे दुर्बीण लावून बसलेला. पाखरं मोजतोय. मग मी ते कशासाठी दिलं होतं रे?"

फळीच्या टोकाला बसलेलं ते पाखरू प्लासिदोच्या डोळ्यांपुढे आलं. त्याच्याखाली उभं राहून त्याने सगळ्या गावाच्या दाढ्या केल्या होत्या. पाखराचा आणि बायकोचा काही संबंध नसतो, हे तो सांगू शकला असता. गावाला हवं होतं ते वाक्यही होतंच. पण त्याला नुसतं भडभडून आलं. त्याने हात पुढे करून तिंदारोच्या कानामागचे केस चाचपले.

"उद्या दुकानात ये. हे डोकं मला बघवत नाही."

तिंदारोने आपल्याच डोक्यावर दोन बोटं उभी धरली.

"आणि वर कात्रीला काही लागलं तर?"

"वळसा घालून कापीन," प्लासिदो म्हणाला. "आणि मोजणार नाही."